जीपचा जीर्णोद्धार

शब्दांच्या वंशावळी धुंडाळणे हा ज्याचा पोटापाण्याचा धंदा आहे, त्याला 'जीप' हा शब्द मोठा गमतीचा वाटतो. अमेरिकन लष्कराने ही गाडी जन्माला घातली एवढे खरे. पण तिचे नाव कोणी ठेवले याविषयी पंडितांत अजून एकमत नाही. कोणी म्हणतात, 'सर्वसाधारण कामाची' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा हा अपभ्रंश. कोणी म्हणतात, १९३६ साली 'पॉपाय'च्या चित्रमालिकेत अवतरलेल्या, वाटेल तिथे जाऊ शकणाऱ्या एका विलक्षण प्राण्याचे हे नाव. आपल्याकडे आल्यावर मात्र तिने कोणालाही न विचारता स्त्रीलिंग स्वीकारले. आरंभी लोक तिला 'जीपगाडी' म्हणत. पुढे गाडी गळाली आणि नुसती जीप उरली. घरातल्या लेकीसुनेला जसे एकेरी नाव पडते, तसेच हे झाले.

ही लेक आता म्हातारी झाली आहे. वऱ्हाडातल्या कोणत्याही मोठ्या गावात हिंडा; एखाद्या गोठ्याच्या आडोशाला, कडब्याच्या गंजीमागे किंवा बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात एखादी जुनी जीप चाके जमिनीत रुतवून उभी असलेली दिसेल. तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसतात आणि हूडच्या चिंध्या वाऱ्यावर उडतात. मालकाला ती भंगारात द्यायला जिवावर येते आणि दुरुस्त करायला खिसा धजत नाही. अशा मालकांसाठी आणि अशी गाडी विकत घेण्याचा मोह ज्यांना होतो त्यांच्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

चिखलाचा प्रश्न

कोणी विचारील, आजच्या काळात ही थेरडी हवी कशाला? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही, केनवडच्या मातीत आहे. मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात हे गाव वसले आहे. गावाला डांबरी रस्ता आहे. याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्गही जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. परंतु शेतकऱ्याचे शेत महामार्गाला लागून थोडेच असते? ते असते पांदणीच्या टोकाला. आणि मृगाचा पाऊस पडला की पांदण ही रस्ता राहत नाही, तिचा नाला होतो. या पांदणींसाठी राज्य सरकारने २०२१ साली मातोश्रींच्या नावाची एक स्वतंत्र योजना काढली, यावरूनच हे दुखणे किती जुने आहे ते समजावे.

आपली काळी माती बसाल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यातला चिकणमातीचा अंश पाणी पिऊन फुगतो आणि उन्हात आक्रसून त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सोयाबीन आणि तुरीला ही माती आईसारखी आहे. पण चाकाला ती सासूसारखी वागवते. चाकाच्या खाचा तिने एकदा भरल्या की टायर गुळगुळीत होतो आणि दोन चाकांवर चालणारी गाडी जागच्या जागी फिरत बसते.

ट्रॅक्टर आहे की, असे कोणी म्हणेल. आहे. पण रात्री-अपरात्री शेतवस्तीवरून बाळंतिणीला न्यायचे, सकाळी पोरांना शाळेत सोडायचे, दुपारी खताच्या पिशव्या आणि फवारणीचा ड्रम बांधावर न्यायचा ही कामे ट्रॅक्टरची नव्हेत. चारही चाकांनी ओढणारी, मागे लहानसा हौदा असलेली हलकी गाडी त्यासाठी लागते. नवी कोरी घ्यावी तर सोयाबीनच्या भावात ती बसत नाही. म्हणून माणसाची नजर गोठ्यामागच्या जीपकडे वळते.

युद्धातून बांधावर

या गाडीचे कुळ थोडे सांगितले पाहिजे, कारण सुटे भाग शोधताना ते उपयोगी पडते. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली आणि नमुना तयार करायला अवघे ४९ दिवस दिले. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने तो मुदतीत नेऊन उभा केला. पुढे मोठी कंत्राटे मात्र विलीस आणि फोर्ड यांना मिळाली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या होत्या.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड महंमद' नावाची पेढी निघाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद हे तिचे भागीदार. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे तिथले गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ साली पेढीचे नाव बदलले. परंतु 'एम अँड एम' ही अक्षरे तशीच राहिली. मुंबईत माझगावला परदेशी भाग जोडून विलीस जीप उभी करण्याचे काम १९४७ पासून सुरू झाले होते.

तिच्यातल्या ज्या घराण्याशी आपला संबंध अधिक येतो, ते उंच बॉनेटचे. अमेरिकेत १९५३ साली आलेल्या या जीपमध्ये नवे 'हरिकेन' इंजिन बसवले होते. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर आणि बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह बाजूला, अशी रचना असल्याने इंजिन उंच झाले आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. अमेरिकेत ही जीप १९६८ साली बंद पडली. आपल्याकडे तिची संतती पुढे कित्येक दशके निघत राहिली. त्याच कुळात इंजिनावरच चालकाची केबिन बसवलेली, मागे प्रशस्त हौदा असलेली 'एफसी १५०' ही मालवाहू गाडी निघाली. पुढे पेट्रोल महागले, तशी डिझेल इंजिने आली. त्यांपैकी फ्रेंच प्यूजोच्या परवान्याने बनलेले २११२ सीसीचे इंजिन आजही कित्येक गाड्यांत धडधडते आहे. २०१० साली आलेली 'थार' ही याच वंशाची.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि जीप ही सरकारची खूण बनली. विकास अधिकारी, मलेरियाची फवारणी, देवीची लस, निवडणुकीचा कर्णा हे सगळे जीपमधून खेड्यात आले. सरकारी लिलावात निघालेली जीप घ्यायची आणि शेतीला जुंपायची, ही मग रीतच पडली. आता मात्र ती वाट बुजली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालवता येत नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्या वगळता त्या नोंदणीकृत मोडतोड केंद्रातच जातात. म्हणून आता जी जीप मिळेल, ती खाजगी मालकाकडूनच.

आधी कागद, मग लोखंड

गाडी पाहायला जाताना हातोडीच्या आधी चष्मा घ्यावा. प्रथम नोंदणी पुस्तक मागावे आणि त्यातला चासी क्रमांक प्रत्यक्ष लोखंडावरच्या ठशाशी ताडून पाहावा. ठसा वेगळ्या पट्टीवर असून ती पट्टी वेल्डिंगने चिकटवलेली असेल, तर पान सुपारी घेऊन नमस्कार करावा आणि घरी यावे. क्रमांकाची पाटीही पुष्कळ बोलते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे एमएच ३७ ही त्यानंतरची पाटी. त्याआधीच्या इकडच्या गाड्या अकोल्याच्या एमएच ३० वर नोंदलेल्या.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण. पंधरा वर्षांवरच्या हलक्या मोटारीसाठी हे शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ते १०,००० रुपयांवर नेले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी आहे खरी. पण तशी गाडी रोजच्या कामाला वा धंद्याला वापरता येत नाही. ती मिरवणुकीची नवरी आहे, शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही.

दुसरे पथ्य फेरफाराचे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी हवी. प्रवासी जीप कापून मागे हौदा बसवण्याची टूम गावोगाव दिसते. पण ती कागदावर चढत नसेल, तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनीला हात वर करायला आयते निमित्त मिळते. मूळची हौद्याची गाडी मिळाली तरच तिच्यावर पैसा घालावा. ती मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता तपासणीला न्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

शंभर रुपयांची वाटणी

आता मुख्य गोष्ट पैशाची. एकूण रक्कम गाडीगणिक निराळी. म्हणून रक्कम न सांगता वाटणी सांगतो. कागदपत्रांचा खर्च बाजूला काढल्यावर हाती जे उरेल, ते शंभर रुपये समजावे. त्यांपैकी पस्तीस ब्रेक, स्टिअरिंग, पाटे आणि टायर यांना द्यावेत. तीस इंजिन, गिअर आणि हौसिंगला. दहा वायरिंगला. दहा पत्रा, रंग आणि हूडला. उरलेले पंधरा कोणालाही न सांगता कनवटीला लावावेत. कारण जुनी गाडी उघडली की आतून काय निघेल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

बहुतेक लोक याच्या नेमके उलट करतात. आधी रंग देतात, रुंद टायर बसवतात, दिव्यांची माळ लावतात. आणि ब्रेकची पाळी येते तेव्हा थैली रिकामी असते. आमच्या भागातल्या एका वयस्क मिस्त्रींना मी एकदा याविषयी विचारले, तर ते हात पुसत म्हणाले, "रंगाचं मंग पाहू सर, पह्यले थांबू तं द्या तिले!" साऱ्या विषयाचे सार या एका वाक्यात आहे.

जुन्या जीपच्या ब्रेकला चारही चाकांना मिळून एकच तेलाची वाट असते. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि गंजलेल्या धातूच्या नळ्या हे सगळे एका वेळी बदलावे. त्यात काटकसर करू नये. हातब्रेक अनेक जुन्या जीपमध्ये चाकांवर नसून शाफ्टवरच्या ड्रमवर असतो, त्याचाही लायनर पाहावा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकते. तिथली धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

जीप वेगात आली की पुढची चाके एकाएकी थरथरू लागतात, स्टिअरिंग हातात नाचते. लोक याला बॅलन्सिंगचा दोष समजून टायर बदलतात. पुष्कळदा दोष असतो किंग पिनच्या बेअरिंगमध्ये किंवा टाय रॉडच्या झिजलेल्या टोकांत. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहिले, तर पाच मिनिटांत ढिलाई कळते. मात्र नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. खाली लाकडी ओंडका वा घोडी लावल्यावाचून मिस्त्रीलाही शिरू देऊ नये.

इंजिनाच्या बाबतीत उतावीळपणा महाग पडतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे. आधी कॉम्प्रेशन मोजावे. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आणि पुरेसे असतील, तर इंजिन उघडू नये. तेल, फिल्टर, पाण्याचा पंप आणि रेडिएटर एवढ्यावर भागवावे. रिंगा बदलून चालत असेल तिथे बोअरिंग करू नये. कामाची व्याप्ती गाडीने ठरवावी, गॅरेजने नव्हे.

चार चाकांचे गणित

जी गोष्ट हवी म्हणून ही गाडी घ्यायची, तीच अनेक जीपमध्ये नसते! कितीतरी जीपगाड्या कारखान्यातूनच दोन चाकांवर चालणाऱ्या निघाल्या. ज्या चार चाकांच्या होत्या, त्यांपैकीही पुष्कळांचे पुढचे शाफ्ट वडाप करणाऱ्यांनी डिझेल वाचवण्यासाठी काढून ठेवले. म्हणून आधी खाली वाकून पाहावे. पुढच्या आसावर गोल भोपळ्यासारखी हौसिंग आहे काय? तिच्यापर्यंत शाफ्ट येतो काय? गिअरच्या दांड्याशेजारी जादा दांडे आहेत काय? जुन्या विलीसच्या जातीला असे दोन दांडे असतात. एकाने पुढची चाके जोडायची, दुसऱ्याने जोराचा संथ गिअर घ्यायचा. या संथ गिअरने चाकाचा जोर सुमारे अडीचपट होतो. पांदणीत उपयोग त्याचा आहे, इंजिनाच्या घोड्यांचा नाही.

इथे एक सापळा आहे. पुढच्या आणि मागच्या हौसिंगमधल्या क्राऊन-पिनियनच्या दातांचे प्रमाण एकच असावे लागते. जुन्या जीपमध्ये क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात, म्हणजे सुमारे ५.३८ हे प्रमाण नेहमी सापडते. मागची हौसिंग बिघडली म्हणून भंगारातून स्वस्तात दुसरी आणली आणि तिचे प्रमाण वेगळे निघाले, तर चारही चाके जोडताच पुढचा आस एक म्हणतो, मागचा दुसरे म्हणतो, आणि दोघांच्या भांडणात ट्रान्स्फरचे दात तुटतात. पारख सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून त्या आसाचे एक चाक जमिनीवर राहू द्यावे, दुसरे उचलावे. उचललेले चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवावे आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेऱ्या फिरतो ते मोजावे. साडेपाचला थोडे कमी भरले, की समजावे ४३ आणि ८. चारही टायर एका मापाचे हवेत, तेही याच कारणाने.

याच कारणाने कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून गाडी चालवू नये. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. चिखलात चाक घसरून तो फरक भागतो, डांबरावर भागत नाही. आणि चारही चाके जोडली म्हणजे गाडी कधीच रुतणार नाही, असेही समजू नये. प्रत्येक आसावर डिफरन्शियल असते आणि ते ज्या चाकाला पकड नाही त्यालाच फिरवते. एका बाजूची दोन्ही चाके लोण्यासारख्या गाळात गेली, तर चार चाकांची जीपही दोन बैलांची वाट पाहत उभी राहते.

पाठशुद्धी

मराठीच्या अध्यापकाला या सगळ्यात एक ओळखीची गोष्ट दिसते. जुन्या पोथीची शुद्ध प्रत सिद्ध करताना संपादकाने स्वतःचे काव्य त्यात घालायचे नसते. कीड लागली तिथे पान सांधायचे, लेखनिकांनी घुसडलेले वेगळे काढायचे, आणि जे मूळ टिकून आहे त्याला हात लावायचा नाही. जीपचेही तसेच. तिच्यावर आजवर कितीतरी लेखनिकांनी हात चालवलेला असतो; कोणी तार जोडली, कोणी भलत्याच मापाचा बोल्ट ठोकला, कोणी पत्र्यावर पत्रा चढवला. जीर्णोद्धार म्हणजे बहुतांशी ही प्रक्षिप्ते काढून टाकणे. त्याला पैसा कमी लागतो आणि धीर फार लागतो. काढलेला प्रत्येक भाग डब्यात ठेवून त्यावर चिठ्ठी लावावी. उघडण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. एवढ्यानेही निम्मे श्रम वाचतात.

पण पोथी वाचायला जसा जुने वळण जाणणारा वाचक लागतो, तसा जीपला जुना मिस्त्री लागतो. 'मेस्त्री' आणि 'चावी' हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आले आणि चार शतके इथे नांदले. आता नव्या गाड्यांचा बिघाड संगणक सांगतो आणि भाग दुरुस्त न करता बदलला जातो. त्यात गैर काही नाही. पण व्हॉल्व्ह हाताने घासून बसवणारा, कानाने टॅपेट लावणारा, बेअरिंगची ढिलाई बोटाने ओळखणारा माणूस त्यामुळे दुर्मिळ होत चालला आहे. मालेगाव, रिसोड, मेहकर या बाजूंना अशी माणसे अजून आहेत. त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरे मात्र क्वचित दिसतात. माणूस गेला की ते ज्ञान जाते. ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

म्हणून माझा सल्ला असा. नुसती हौस असेल तर या फंदात पडू नका. हौस रंगाबरोबर विटते. रस्ता पक्का असेल तरीही पडू नका; त्यासाठी स्वस्त आणि सुखाच्या गाड्या पुष्कळ आहेत. पण शेत पांदणीच्या टोकाला असेल, कागद चोख असतील, चासी शाबूत असेल आणि गावापासून बैलगाडीच्या टप्प्यात एखादा जुना मिस्त्री असेल, तर दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर काम काढायला हरकत नाही. हिवाळा-उन्हाळा काम करा, मृगाआधी संपवा. आणि मिस्त्रींकडे जाताना घरातल्या थोरल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या. त्यांना पाने-चाव्या देण्याच्या कामाला लावा. सुट्टी संपेपर्यंत गाडी कदाचित पुरी होणार नाही, पण ब्रेक कसा धरतो हे त्या पोराला आयुष्यभर विसरता येणार नाही.